सराट्याचे मोल आणि पडीक माळ

बारामती-इंदापूर म्हटले की ऊस, द्राक्षे, डाळिंबे आणि साखर कारखान्यांची धुराडी डोळ्यांसमोर उभी राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात आले आणि कालव्याकाठचे रूप पालटले. परंतु हे चित्र अपुरे आहे. जेथे कालव्याचे पाणी चढत नाही, त्या सुपे, कडबनवाडी यांसारख्या गावांभोवती आजही खुरट्या गवताचे विस्तीर्ण माळ आहेत. सरकारी कागदांत अशा जमिनीस बहुधा ‘पडीक’ म्हटले जाते आणि त्या एका शब्दाने तिचा निकाल लागतो.

या माळावर पहिल्या पावसानंतर सराटा पसरतो. जमिनीशी लगटून वाढणारे वेल, बारीक पानांच्या जोड्या, पाच पाकळ्यांची पिवळी फुले आणि वाळल्यावर पाच तुकड्यांत फुटणारे काटेरी फळ हे त्याचे रूप. अनवाणी वारकऱ्याच्या टाचेत, मेंढराच्या लोकरीत, सायकलच्या चाकात तो सारख्याच निष्ठुरतेने रुततो. शेतकरी त्याला तण म्हणतो. वैद्य मात्र त्यालाच गोक्षुर किंवा गोखरू म्हणून मान देतो. चरकसंहितेने त्याची गणना लघवी मोकळी करणाऱ्या दहा औषधींत केली आहे. ज्या दशमुळांचा काढा बाळंतिणीला देण्याची रीत घरोघर होती, त्यांतही गोखरू आहे आणि त्याच माळावरची भुईरिंगणीही आहे. लघवीची जळजळ, अडखळ, मूतखडा यांवर गोखरूचा काढा देण्याची प्रथा खेड्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आली.

ही समजूत केवळ आपल्याच देशाची नव्हे. उत्तर अमेरिकेच्या पाइनवनांत ‘पिप्सिसेवा’ नावाची सदाहरित वनस्पती उगवते. तेथील मूळ रहिवासी तिचा उपयोग मूत्रविकारांवर करीत आणि पुढे अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशानेही तिला स्थान दिले. थंड अरण्यातील ती सावलीची वनस्पती आणि आपल्या तापल्या माळावरचा सराटा यांचे कूळ एक नाही; पण दोहोंकडे माणसाने एकाच दुखण्यासाठी हात पुढे केला.

तथापि परंपरेचा गौरव करताना विवेक सुटता कामा नये. अलीकडे गोखरूचा अर्क शक्तिवर्धक म्हणून देशोदेशी विकला जातो. खेळाडूंवरील चाचण्यांत मात्र त्या दाव्यांना आधार मिळालेला नाही. दक्षिण आफ्रिकेत हीच वनस्पती खाल्लेल्या मेंढ्यांची यकृते बिघडून, उन्हाने डोकी सुजून त्या दगावल्याचे पशुवैद्यांनी नोंदविले आहे. जे औषध आहे ते निरुपद्रवी असतेच असे नाही. मूतखड्याने लघवी तुंबलेल्या रुग्णाला काढ्यावर ठेवून दवाखाना टाळणे हा परंपरेचा आदर नव्हे, तो रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे.

मग सराट्याची चिंता कशासाठी? तो स्वतः चिवट आहे. जगाच्या अनेक खंडांत तो तण म्हणून पसरला आहे आणि तणनाशकांच्या माऱ्यातूनही कोठे तरी तगून राहील. प्रश्न त्याच्या सोबत्यांचा आणि त्याला ओळखणाऱ्यांचा आहे. दशमुळांतीलच पिठवण आज सहजासहजी मिळत नाही आणि तिच्या जागी भलतेच मूळ विकले जाते. माळ नांगरला, त्यावर गिरिपुष्पाची रोपे दाटीने लावली, की कागदावर वनीकरण होते. पण गवत जाते, चिंकारा जातो, धनगराची चराई जाते. बारामती तालुक्यात १९९७ मध्ये स्थापन झालेले मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे आहे. तेवढ्याने या माळरानाचे रक्षण झाले असे मानता येत नाही.

तुकोबांच्या पालखीपुढे काटेवाडीत दरवर्षी मेंढ्यांचे रिंगण होते आणि ते पाहण्यास हजारो लोटतात. त्या मेंढ्या जेथे चरतात ती जमीन मात्र कोणाच्या लेखी नसते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समित्या नेमून वनस्पतींची व त्यांविषयीच्या लोकज्ञानाची नोंदवही करण्याची तरतूद केली आहे. ही नोंदवही कार्यालयात बसून भरण्याची नाही. मेंढपाळ, सुईणी, वैदू यांना सोबत घेऊन माळावर हिंडल्याविना ती खरी होणार नाही. ही माणसे थकत चालली आहेत आणि त्यांच्या मुलांना सराटा ठाऊक आहे तो केवळ पायात मोडणारा काटा म्हणून. नोंद आधी व्हावी, नांगर नंतर चालावा, एवढा क्रम जरी ग्रामसभांनी पाळला, तरी ‘पडीक’ या शब्दामागे दडलेले धन कोणते, हे गावाला ते हरवण्यापूर्वी कळेल.