रेड अलर्ट आला, पाऊस कुठे गेला?

मुलांनो, पावसाळ्यात रात्रीच्या बातम्या सुरू झाल्या की तुमचे कान का टवकारतात, हे आम्हा शिक्षकांना चांगलं ठाऊक आहे बरं का! टीव्हीवर लाल पट्टी फिरू लागते, 'पुणे जिल्ह्याला रेड अलर्ट' अशी मोठी अक्षरं झळकतात आणि थोड्या वेळाने मोबाईलवर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाचं पत्र येतं. उद्या शाळांना सुट्टी! झालं, दप्तर गेलं कोपऱ्यात. सकाळी उठून पाहावं तर आमच्या नेऱ्यात कधी नुसती भुरभुर, तर कधी चक्क ऊन पडलेलं. मुलं दिवसभर क्रिकेट खेळतात आणि मोठी माणसं म्हणतात, "हे वेधशाळावाले आणि टीव्हीवाले लोकांना उगंच घाबरवतात."

खरंच घाबरवतात का? की आपलंच काही ऐकायचं राहून जातं? वर्गात हा विषय निघाला तेव्हा चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, रेड अलर्ट खोटा ठरला तर खोटं कोण बोललं?" प्रश्न छोटा आहे, पण उत्तर बरंच लांब जातं. चला, आपल्याच तालुक्यापासून सुरुवात करू.

तारीख २५ जुलै २०२४. त्या दिवशी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत आपल्या मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. ५५६ मिलिमीटर म्हणजे किती? एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी जमतं. म्हणजे घरातल्या एका लहान चटईएवढ्या जागेवर एका दिवसात ५५६ लिटर! बारामती-इंदापूरकडे वर्षभरात साधारण एवढाच पाऊस पडतो. तेही पुणे जिल्ह्यातच आहेत, हे विसरू नका. त्याच चोवीस तासांत पुण्यात शिवाजीनगरला ११४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. तोही काही थोडा नव्हे. खडकवासल्यातून पाणी सोडावं लागलं, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं. पण ताम्हिणीच्या मानाने तो पाचवा हिस्सा.

असं का होतं? अरबी समुद्रावरून ओलं वारं येतं आणि सह्याद्रीला थडकतं. पुढे वाट नाही म्हणून ते वर चढतं. वर चढलं की गार होतं, आणि गार झालं की त्यातलं बाष्प पाणी होऊन खाली कोसळतं. घाटमाथ्यावर ओझं रिकामं केलं, की पूर्वेकडे येताना वाऱ्याची पिशवी निम्मी-अर्धी हलकी झालेली असते. ताम्हिणी आणि नेरे एकाच तालुक्यात, पण पावसाच्या हिशेबात दोन वेगळे प्रांत म्हणावेत इतका फरक.

वेधशाळेला हे माहीत नाही का? चांगलं माहीत आहे. म्हणून तर त्यांच्या पत्रकात पुणे शहर-जिल्हा आणि पुण्याचा घाट भाग यांचे इशारे वेगवेगळे दिलेले असतात. लाल रंग बहुतेक वेळा घाटाला असतो. पण बातमी टीव्हीच्या पट्टीपर्यंत येईतो 'घाट' हा एवढासा शब्द गळून पडतो आणि उरतं फक्त 'पुणे जिल्हा'. मग इंदापूरचा शेतकरी आभाळाकडे पाहून हसतो, आणि हिंजवडीच्या बसथांब्यावर उभा असलेला माणूसही हसतो. माझ्या मते, 'इशारा खोटा ठरला' असं आपण म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा दोष या गळलेल्या शब्दाचा असतो.

आता रंगांचं पाहू. हिरवा म्हणजे काही इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे हालचाल करा, सांभाळायला लागा. यात 'लाल म्हणजे सुट्टी' असं कुठेही लिहिलेलं नाही हं! सुट्टी वेधशाळा देत नाही, जिल्हाधिकारी देतात. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ते अध्यक्ष असतात. पावसाच्या शब्दांनाही मापं असतात. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की 'जोरदार', ११५.६ च्या पुढे 'अतिजोरदार' आणि २०४ च्या वर गेला की 'अतितीव्र'. 'ढगफुटी'लासुद्धा माप आहे. लहानशा भागावर एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला तर ती ढगफुटी. पण बातम्यांत रस्त्यावर गुडघाभर पाणी दिसलं की झाली ढगफुटी! गटार तुंबलं असलं तरी ढगच फुटतो. 'आभाळ फाटलं', 'पावसाचं थैमान', 'पुढचे काही तास धोक्याचे' ही सगळी टीव्हीची भाषा आहे. वेधशाळेचं मूळ पत्रक वाचून पाहा, ते इतकं कोरडं असतं की झोप येईल. त्यात भर म्हणून मोबाईलवर दुसऱ्याच राज्यातला, दुसऱ्याच वर्षीचा पुराचा व्हिडिओ फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'आत्ताची मुळशीची परिस्थिती'.

तेव्हा भडकपणा आहे, हे मान्य करायला हवं. पण तो कुणाचा आहे, ते आधी बघायला हवं.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट तुम्हाला पाठच असेल. तो मुलगा लबाड होता. लांडगा नाही हे माहीत असून तो ओरडत होता. वेधशाळेतली माणसं तशी नसतात. त्यांना रानाच्या कडेला लांडग्याची पावलं दिसलेली असतात. लांडगा रात्री वाडीत शिरेल की परस्पर डोंगरापलीकडे जाईल, हे पावलांवरून पक्कं सांगता येत नाही. पण पावलं दिसूनही जो गप्प बसतो, त्याला काय म्हणाल?

याचं एक चांगलं उदाहरण म्हणजे 'निसर्ग' चक्रीवादळ. जून २०२० ची गोष्ट. करोनामुळे सगळे घरातच होतो. वादळ उत्तर महाराष्ट्र आणि दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर हरिहरेश्वर आणि दमणच्या मधे, अलिबागच्या जवळपास येईल, असा अंदाज वेधशाळेने दिला होता. पण टीव्हीवर काय चाललं होतं? मुंबई, मुंबई आणि मुंबई! गेटवेपाशी, वरळीला, जुहूला कॅमेरे लावून मंडळी वाट पाहत होती. ३ जूनच्या दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. मुंबईला थोडक्यात हुलकावणी बसली आणि संध्याकाळपर्यंत विनोद सुरू झाले, "कसलं वादळ नि कसलं काय!"

पण श्रीवर्धनला, मुरुडला, दापोलीच्या किनाऱ्याला जाऊन हा विनोद कुणी सांगावा? तिथल्या नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. पोफळीचं झाड सुपारी धरायला काही वर्षं घेतं. आजोबांनी लावलेली झाडं नातवाच्या डोळ्यांदेखत एका दुपारी पडली. घरांची कौलं-पत्रे उडाले, कित्येक दिवस वीज नव्हती. वादळ पुढे आपल्या जिल्ह्यावरूनही गेलं. मुळशी, मावळ, जुन्नरकडे झाडं पडली, पत्रे उडाले, फुलांची पॉलीहाऊस फाटली. मुंबई आणि श्रीवर्धन यांच्यात सरळ रेषेत अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. समुद्रावर शेकडो किलोमीटर भटकून येणाऱ्या वादळाच्या वाटेत तेवढा फरक म्हणजे फार नव्हे. अंदाज चुकला नव्हता. कॅमेरे चुकीच्या गावाला गेले होते.

आता ओडिशाला जाऊ. २९ ऑक्टोबर १९९९ ला तिथे महाचक्रीवादळ आलं. सुमारे दहा हजार माणसं मेली. तुमच्या आई-बाबांना ते आठवत असेल. त्यानंतर तिथे किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, गावोगावी तरुणांना शिकवलं, इशारा घरोघर पोचेल अशी सोय केली. १२ ऑक्टोबर २०१३ ला 'फायलिन' हे तसंच भयंकर वादळ गोपाळपूरला आलं, तेव्हा सुमारे दहा लाख माणसांना आधीच हलवलं होतं. या वेळी मृतांचा आकडा शंभराच्याही आतच राहिला. गंमत पाहा, इशारा नीट ऐकला की फारसं काही घडत नाही, आणि फारसं काही घडलं नाही की लोक म्हणतात, इशारा उगाच होता! पोलिओचा डोस घेतलेल्या बाळाला पोलिओ झाला नाही, म्हणून डोस वाया गेला, असं कुणी म्हणतं का?

इशारा असूनही न ऐकल्याचंही उदाहरण आहे. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळाच्या वेळी आधीपासून सूचना होत्या. बंदरांवर बावटे लागले होते (किनाऱ्यावरची माणसं 'तीन नंबरचा बावटा लागला' असं म्हणतात ना, ते हेच), मासेमारी होड्या परतल्या होत्या. तरी 'पी-३०५' नावाचा बार्ज अडीचशेहून जास्त माणसं घेऊन मुंबईजवळच्या समुद्रातच राहिला. १७ मे रोजी तो बुडाला आणि सत्तराहून अधिक माणसं गेली.

आणि इशारा आलाच नाही तर? २६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर कुलाब्याला जेमतेम ७४! एवढा पाऊस पडेल असं आधी कुणी सांगितलं नव्हतं. माणसं नेहमीसारखी कामाला गेली, मुलं शाळेत गेली आणि रात्रभर तिथेच अडकली. शेकडो लोक दगावले. त्यानंतर लोकांनी वेधशाळेला विचारलं, का नाही सांगितलंत? म्हणजे बघा, सांगितलं आणि पाऊस आला नाही तर बोलणी, न सांगता आला तर त्याहून जास्त बोलणी. आपल्याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराखाली गेलं, १५१ माणसं गेली. असं काही पाहिल्यावर इशारा द्यायला बसलेल्या माणसाचा हात लाल रंगाकडे जास्त झुकला, तर मी त्याला दोष देणार नाही.

पण म्हणून फुकटच्या सुट्टीचं काहीच बिघडत नाही असं समजू नका. मुलांना सुट्टीत मजा वाटते, पण त्या दिवशी शाळेतली खिचडी शिजत नाही. काही मुलांना तिची किती गरज असते, ते ताटं वाढणाऱ्या मावशींना विचारा. आई-बाबा बांधकामावर रोजंदारीला जाणारे असतील, तर त्यांना सुट्टी नसते. मग पहिलीतलं पोर तिसरीतल्या बहिणीच्या ताब्यात दिवसभर खोलीवर. पाऊस खरोखर कोसळत असेल तर हे पत्करावंच लागतं. पण घाटातल्या पावसासाठी अख्ख्या जिल्ह्याच्या शाळा बंद, असं दोन-तीनदा झालं की पालकांचा विश्वास उडतो. मग चौथ्यांदा खरा लाल इशारा येतो आणि कुणीतरी म्हणतं, "काही होत नाही, चल ओढा ओलांडू." मला भीती वाटते ती त्या चौथ्या वेळेची. तालुक्यातल्या कोणत्या बाजूला इशारा आहे ते पाहून, गावागणिक सुट्टीचा निर्णय घेता आला तर किती बरं होईल!

तोपर्यंत आपण काय करायचं? टीव्हीचा आवाज बंद करून तीन गोष्टी शोधायच्या: इशारा कुठल्या भागाला आहे, कधीपासून कधीपर्यंत आहे आणि रंग कुठला आहे. विजांसाठी तर आपल्या शेजारच्या पाषाणच्या संशोधन संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप आहे. आपण असू तिथून जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते कळवतं. भातलावणीच्या दिवसांत घरातल्या कुणाच्या तरी मोबाईलवर ते असू द्या, आणि गडगडाट सुरू झाला की झाडाखाली उभं राहायचं नाही, एवढं आजोबांनाही सांगा.

आणि कोण खरं, कोण खोटं हे ठरवायला स्वतःच पाऊस मोजा की! सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्या. मोठ्या माणसाकडून तिचा वरचा भाग कापून घ्या आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवा. बाहेरून पट्टी चिकटवा. तळ सपाट नसतो, म्हणून पट्टीच्या शून्यापर्यंत आधी पाणी भरून ठेवा. झाड आणि भिंत यांच्यापासून लांब, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजा, कारण वेधशाळाही त्याच वेळी मोजते. विजा चमकत असतील तर मात्र मोजायला बाहेर जायचं नाही, पाणी कुठे पळून जात नाही.

वहीत तीन रकाने आखा: तारीख, इशाऱ्याचा रंग आणि आपल्याकडे पडलेला पाऊस. लाल रंग असून कोरडे गेलेले दिवस मोजा, आणि काहीच इशारा नसताना धो-धो पडलेले दिवसही तितक्याच मनापासून मोजा. मुळशीत घाटाच्या बाजूला मामा-मावशी राहत असतील तर तिथल्या भावंडालाही एक बाटली ठेवायला सांगा आणि दर रविवारी फोनवर आकडे जुळवा. आणि हो, बाटलीत पाणी भरण्याआधी तळाशी चार-पाच खडे टाकायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच वाऱ्याला ती शेजारच्यांच्या अंगणात जाईल.