चांद्याची संपत्ती आणि चांद्याचा वाटा

शहरांची व जिल्ह्यांची पत ठरविण्याचे एक नवे शास्त्र अलीकडे उदयास आले आहे. भांडवल कोठे गुंतवावे, जमीन कोठे स्वस्त, वीज कोठे मुबलक, परवाना किती दिवसांत हाती पडतो, याची गुणपत्रके तयार होतात आणि ती पुढे करून राज्यकर्ते उद्योगपतींना आमंत्रणे धाडतात. जागतिक बँकेनेही देशोदेशींची अशी क्रमवारी अनेक वर्षे प्रसिद्ध केली. तिच्या आकडेवारीतील गैरप्रकार उघडकीस आल्यावर २०२१ मध्ये तो उद्योग तिला बंद करावा लागला. तथापि गुणपत्रकांवरील श्रद्धा यत्किंचितही ढळलेली दिसत नाही. गडचिरोलीला पोलादाचे केंद्र बनविण्याची घोषणा महाराष्ट्र सरकारने केली आहे आणि तिचे आम्ही स्वागतच करतो. पण १९८२ पर्यंत गडचिरोली हा चंद्रपूर जिल्ह्याचाच एक भाग होता. थोरल्या भावाच्या संसाराचे काय झाले हे पाहिल्यावाचून धाकट्याचे लग्न ठरविणे शहाणपणाचे नाही.

वरील शास्त्राच्या कसोटीवर चंद्रपूरला किती गुण पडले असते? जवळजवळ पैकीच्या पैकी! जुन्या लोकांच्या तोंडी जो अद्याप चांदाच आहे, त्या या मुलखात भूगर्भात कोळसा, त्याच्या शेजारीच चुनखडी, भोवताली बांबूचे व सागाचे अरण्य आणि वर्धा, वैनगंगा व इरई या नद्यांचे पाणी. एकोणिसाव्या शतकातच वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू झाली आणि त्या कोळशासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला. १९२९ मध्ये बल्लारशा-काझीपेठ मार्ग पुरा होऊन उत्तर व दक्षिण हिंदुस्थान जोडणाऱ्या हमरस्त्यावर हा जिल्हा येऊन बसला. पुढे बल्लारपूरला कागदाची गिरणी उभी राहिली, भद्रावतीला दारूगोळ्याचा कारखाना आला. घुग्घुस, आवारपूर, गडचांदूर येथे सिमेंटचे कारखाने आले. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे. याहून अधिक काय असावयास हवे होते?

आणि तरीही २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर शहराची वस्ती अवघी ३ लाख २० हजारांच्या घरात होती. गोंड राजांच्या परकोटातून बाहेर पडून ते वाढले खरे, पण नागपूर-पुण्याच्या अर्थाने ते महानगर झाले नाही. शिकलेला तरुण नोकरीसाठी अजून गाडीच धरतो. याचे कारण शोधावयास फार दूर जाण्याचे प्रयोजन नाही. कोळशाच्या खाणी चालविणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपूरला, वीज कंपनीचे मुंबईला, सिमेंट कंपन्यांचीही बाहेरच. निर्णय तेथे होतात, वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार तेथे खर्च होतात, हिशेब, विमा, कायदा, संशोधन ही सारी वरकड कामे तेथेच चालतात. चंद्रपूरच्या वाट्याला येते ते खणणे, जाळणे आणि दळणे. विजेचेच पाहा. चंद्रपूरहून भिवंडी तालुक्यातील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची, १५०० मेगावॅट क्षमतेची एकदिश प्रवाहाची वाहिनी टाकण्यात आली. अभियांत्रिकीचा हा पराक्रम वंदनीय आहे, यात शंका नाही. पण अशा वाहिनीतून मध्येच कोठेही वीज काढून घेता येत नाही. ती या टोकाला भरावयाची आणि त्या टोकाला उतरवून घ्यावयाची. चांद्याच्या अर्थव्यवस्थेचे याहून बोलके चित्र आमच्या पाहण्यात नाही.

राख मात्र येथेच राहिली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक परिसरांचा जो प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून देशात चौथे आले. पहिल्या पंक्तीचा मान या नगराला मिळाला तो असा! परिणामी जानेवारी २०१० मध्ये येथील नव्या प्रकल्पांना बंदी घालण्यात आली. म्हणजे ज्या उद्योगांच्या बळावर हे शहर आकर्षक ठरले होते, त्यांनीच पुढील उद्योगांचा मार्ग अडविला.

खनिजावर उभे असलेले वैभव किती क्षणभंगुर असते, हे वरोऱ्याने तर फार पूर्वीच दाखविले आहे. तेथील खाण १९०६ मध्ये बंद पडली. आज वरोरा महाराष्ट्राला ठाऊक आहे ते बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळे. त्या खाणीचे नावही कोणास आठवत नाही.

बांबूची कथा अधिक उद्बोधक आहे. दशकानुदशके या वनांतील बांबू कागद गिरण्यांना दीर्घ मुदतीच्या कराराने दिला गेला, आणि ज्या बुरुडाचे पोट त्यावर त्याला मात्र तो मिळण्याची मारामार. पुढे बल्लारपूरच्या गिरणीची मालक कंपनीच २०२० मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. दरम्यान धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकारही हाती घेतला. त्यानंतर ग्रामसभा स्वतः निविदा काढून बांबू विकू लागली. मजुरी वाढली, गावाच्या खात्यात पैसा आला, आणि वन उजाडही झाले नाही. गुंतवणुकीच्या कोणत्याही गुणपत्रकात मेंढ्याचे नाव आम्हाला आढळले नाही.

आता गडचिरोलीकडे वळू. साडेचौदा हजार चौरस किलोमीटरांच्या या जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे. २०११ मध्ये लोकसंख्या पावणेअकरा लाख. लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकाला वडसा येथे जेमतेम स्पर्श करतो. उद्योगांना सवलती देण्याची योजना या राज्यात १९६४ पासून आहे. तिच्यात पुढे विनाउद्योग जिल्हे व नक्षलग्रस्त भाग यांसाठी अधिक उदार कलमे घालण्यात आली, पण रस्ता, रेल्वे व सुरक्षितता नसताना करमाफीला भुलून कोण येणार? सूरजागडच्या लोहखनिजाचा पट्टा २००७ मध्ये दिला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तेथील सत्तरांहून अधिक वाहने जाळली. उत्खनन खऱ्या अर्थाने सुरू झाले ते २०२१ नंतर. हिंसेचा जोर आता ओसरला आहे, ही समाधानाची गोष्ट.

सूरजागडचे खनिज जिल्ह्यातच चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे शुद्ध करून त्याचे लोखंड बनविण्याचा उपक्रम सुरू झाला आहे. चांद्याचा कोळसा जसा निमूटपणे परगावी गेला तसे हे नव्हे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु लोखंड वितळविण्यास कोळसा लागतो, कोळशाची राख होते आणि वैनगंगा काही अंतरावरच वाहते. शिवाय सूरजागडचा डोंगर माडिया समाजाचे ठाकूरदेवाचे स्थान आहे. तेथे दरवर्षी यात्रा भरते. तेव्हा ग्रामसभेची संमती ही कागदावर अंगठा उमटविण्यापुरती बाब मानणे केवळ बेकायदेशीरच नव्हे, तर अदूरदर्शीपणाचेही ठरेल. कारण रोषाच्या भूमीवर कोणताही कारखाना दीर्घकाळ सुखाने चाललेला नाही.

म्हणून जिल्ह्याची आर्थिक योग्यता मोजताना आम्ही सरकारला निराळे प्रश्न विचारू इच्छितो. कोनसरीच्या कारखान्यात पाच वर्षांनी एटापल्ली व भामरागडचे किती तरुण यंत्रचालक व अभियंते असतील, आणि किती पहारेकरी? २०१५ च्या कायद्यानुसार स्वामित्वधनाच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे जमा होणारा पैसा खाणग्रस्त गावांच्या पाणी, आरोग्य व शिक्षणावर किती खर्च झाला? त्याचा गाववार हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जाणार की नाही? गोंडवाना विद्यापीठात धातुशास्त्र व वनशास्त्र यांचे अध्यापन त्या गरजेच्या मानाने होणार आहे काय? नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पशिक्षित शेतकऱ्याने आपल्या तुटपुंज्या शेतात एचएमटी नावाचे धान निवडून वाढविले. ते वाण दूरदूर पसरले, व्यापाऱ्यांनी त्यावर पैसा केला आणि दादाजी २०१८ मध्ये विपन्नावस्थेतच निवर्तले. अशा माणसाच्या पाठीशी उभी राहील अशी एखादी प्रयोगशाळा वा पतसंस्था या दोन जिल्ह्यांत निघाली, तर तिचे मोल आम्ही एखाद्या भट्टीहून कमी मानणार नाही.

वडसा ते गडचिरोली हा सुमारे ५० किलोमीटरचा लोहमार्ग मंजूर होऊन बरीच वर्षे लोटली आहेत. तो पुरा झाल्यावर त्यावर पहिली गाडी खनिजाची धावणार की उतारूंची, हे रेल्वे खात्याने आजच जाहीर करावे.