गोव्याच्या शाळेत कुत्र्याचा धडा

रेबीजशी लढाई म्हटलं की जाळं घेऊन कुत्र्यांमागे धावणारी माणसं डोळ्यांपुढे येतात. गोव्यात ही लढाई वर्गांतही लढली गेली. 2013 ते 2019 या काळातल्या मोहिमेत 95 हजारांहून अधिक कुत्र्यांना लस टोचली गेली आणि वर्षाला दीड लाख मुलांना रेबीजविषयी शिकवलं गेलं. कुत्र्यांमधली मासिक रुग्णसंख्या 92 टक्क्यांनी घटली, माणसांमधले मृत्यू थांबले. श्रेय अर्थात मुख्यतः लशीचं.

मग मुलांना शिकवायचं कशाला?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के जण 15 वर्षांखालचे असतात. मुलं खेळता खेळता शेपटी ओढतात, आणि कुत्रा चावला तर ओरडा बसेल म्हणून घरी सांगतच नाहीत. म्हणून धडा साधा हवा: खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला, किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीला छेडू नये, कुत्रा अंगावर आला तर पळू नये, स्तब्ध उभं राहावं. चावलाच, तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये. हे मुलांइतकंच आजी-आजोबांनाही सांगायला हवं!

घरच्या कुत्र्याची लस आणि नसबंदी याच धड्यात बसते. प्राण्यांना छळू नये, हेही. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध कायदा 1960 पासून आहे, पण त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये. दहा रुपयांत आज धड वडापावही येत नाही.