हिमोग्लोबिन नऊ, पण का?

आजी जिना चढताना मधेच थांबतात, जेवण झालं की आडव्या होतात, देवळात जायचंही टाळतात. घरातल्या सगळ्यांचं निदान ठरलेलं असतं: वय झालं. मग कधीतरी दुसऱ्याच कारणाने रक्त तपासलं जातं आणि हिमोग्लोबिन नऊ निघतं. लगेच बीट, डाळिंब, खजूर आणि औषधाच्या दुकानातलं टॉनिक सुरू होतं. नऊ का झालं, हे विचारायचं राहून जातं. म्हातारपणातल्या रक्तक्षयात तर तेच आधी विचारायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार दर डेसिलिटर रक्तात पुरुषांचं हिमोग्लोबिन १३ ग्रॅमच्या आणि बायकांचं १२ ग्रॅमच्या खाली गेलं की तो रक्तक्षय. या वयात थोडं कमी असायचंच, असं मनाशी धरू नये.

सीबीसीच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिननंतर दोन-तीन ओळी सोडून एमसीव्ही दिलेलं असतं. तो तांबड्या पेशींचा सरासरी आकार. साधारणपणे तो ८० ते १०० असतो. ८० च्या खाली असेल तर पहिला संशय लोहाचा. १०० च्या वर असेल तर बी-१२, फॉलिक ॲसिड, थायरॉइड, यकृत, दारू, कधी अस्थिमज्जेचा विकार. मात्र लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर लहान-मोठ्या पेशींची सरासरी अगदी व्यवस्थित दिसते. म्हणून फेरिटिन आणि बी-१२ तपासून घ्यावं. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपत आलाय, हे जवळपास नक्की. संधिवातासारखा दाह असेल तर फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं. अशा वेळी ट्रान्सफरिन सॅच्युरेशनही बघावं लागतं.

पाळी कधीच थांबलेल्या बाईचं किंवा वयस्कर पुरुषाचं लोह कमी निघालं, तर ते नुसतं आहारावर ढकलणं मला धोक्याचं वाटतं. अन्नातून रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह अंगी लागतं. एका चमचाभर, म्हणजे पाच मिली रक्तात अडीच मिलिग्रॅम असतं. आतड्यातून रोज चमचाभर रक्त झिरपलं तर शौचाला काही दिसतही नाही, पण साठा रिकामा होत राहतो. गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेली डायक्लोफिनॅक, हृदयासाठीची ॲस्पिरिन, जठरातला अल्सर आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग ही त्याची कारणं. आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ तर अनेकदा रक्तक्षयातूनच पहिल्यांदा कळते. ‘मूळव्याध आहेच की’ म्हणून विषय मिटवू नये. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची अख्खी पिशवी न्यावी, चिठ्ठीशिवाय आणलेल्यांसकट.

त्याच पिशवीत बी-१२ चं उत्तरही सापडू शकतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी घेतलेली ॲसिडिटीची गोळी, दोन्हींमुळे बी-१२ नीट शोषलं जात नाही. त्यात माणूस शाकाहारी असेल तर दूध-दह्यातून मिळेल तेवढंच. पायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा ही त्याची लक्षणं पुन्हा ‘वय’ याच खात्यात जमा होतात. अशा वेळी नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

मूत्रपिंड थकलं असेल तर रक्त बनवायचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन कमी पडतं. जुनाट दाहात हेपसिडिन वाढतं आणि साठ्यातलं लोह अडवून धरतं. काहींमध्ये सगळ्या तपासण्या होऊनही कारण हाती लागत नाही.

लोहाची गोळी एक दिवसाआड घेतली तरी चालते का, हे डॉक्टरांना विचारावं; बऱ्याच जणांना ती तशी जास्त सोसते. चहा आणि कॅल्शियम तिच्यापासून लांब ठेवावं, लिंबूपाणी चालेल. गोळीने शौच काळं होतं. पण गोळी नसताना ते डांबरासारखं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गोळी सोसत नसेल तर शिरेतून लोह देता येतं. ‘रक्त चढवून टाका’ हा हट्ट मात्र करू नये. हृदय कमकुवत असेल तर वाढलेला द्रव फुप्फुसात साचू शकतो.

तीन-चार आठवड्यांनी सीबीसी पुन्हा करावी. हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने वाढलं नसेल तर निदान नव्याने तपासावं. वाढलं तरी साठा भरण्यासाठी गोळ्या पुढे सुमारे तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. आणि आकडा बारावर आला म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली कोलोनोस्कोपी रद्द करू नये. लोह भरून निघालं, तरी आतली गाठ जिथल्या तिथेच असते.