सामायिक फोल्डर आणि ७७७चा मोह
प्रशिक्षण कक्षातला लिनक्स : भाग ६

मागच्या भागात आपण प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला स्वतंत्र खातं दिलं. या आठवड्यात सगळ्यांनी मिळून वापरायचं फोल्डर तयार करू.

वर्ग ऐन रंगात असताना कुणीतरी म्हणतं, ‘सर, परमिशन डिनाइड येतंय.’ वेळ कमी असतो. सर ‘सीएचमॉड ७७७’ देतात आणि काम पुढे सरकतं. पण त्या क्षणापासून त्या फोल्डरमधलं कुणाचंच काम सुरक्षित राहत नाही. का, ते समजण्यासाठी आधी आकडे पाहू.

वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. पहिला अंक मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. म्हणजे ६४० असलेली फाइल मालक वाचतो आणि बदलतो, ग्रुप फक्त वाचतो, इतरांना ती उघडतही नाही. फोल्डरला मात्र याच आकड्यांचा अर्थ वेगळा आहे. तिथे ४ म्हणजे आतल्या फाइलींची नावं पाहणं आणि १ म्हणजे आत शिरणं. १च्या जोडीला २ असेल, तर आत फाइल तयार करता येते, तिचं नाव बदलता येतं आणि ती काढूनही टाकता येते.

म्हणजे फाइल पुसता येईल की नाही, हे फाइलवरून नव्हे, फोल्डरवरून ठरतं. एखादीने आपली फाइल ४४४ करून फक्त वाचण्यापुरती ठेवली, पण फोल्डर ७७७ असेल, तर शेजारचा ‘आरएम’ देऊ शकतो. खरंच काढायची का, एवढं टर्मिनल विचारतं. त्याने ‘वाय’ दाबून एंटर दिलं की फाइल गेली. ‘आरएम’ने काढलेली फाइल ट्रॅशमध्येही सापडत नाही.

यावर सरळ उपाय आहे. बॅचचा एक ग्रुप करा, सगळ्यांना त्यात घ्या, फोल्डर त्या ग्रुपच्या नावे करा आणि त्याला ३७७० द्या. सुरुवातीच्या ३मध्ये दोन गोष्टी आहेत. २ म्हणजे सेटजीआयडी : आत तयार होणाऱ्या प्रत्येक फाइलला फोल्डरचाच ग्रुप मिळतो. १ म्हणजे स्टिकी बिट : फाइल काढण्याचा किंवा तिचं नाव बदलण्याचा हक्क फाइलचा मालक, फोल्डरचा मालक आणि रूट यांनाच उरतो. लिनक्सचं टीएमपी फोल्डर सगळ्यांना खुलं असूनही तिथे एकमेकांच्या फाइली पुसता येत नाहीत, त्या याच बिटामुळे.

तरीही तीन ठिकाणी अडतं. युमास्क ०२२ असेल तर नवी फाइल ६४४ होते आणि ग्रुपला ती बदलता येत नाही. तो ००२ ठेवा. ग्रुपमध्ये नाव घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायला सांगा, नाहीतर बदल लागू होत नाही. आणि घरच्या फोल्डरमधून फाइल ‘एमव्ही’ने हलवली तर ती जुनाच ग्रुप घेऊन येते, म्हणून ‘सीपी’ने कॉपी करायची सवय लावा.

बॅच सुरू होण्याआधी दोन चाचणी खात्यांनी तपासा. एकाने फाइल बनवावी. दुसऱ्याला ती बदलता यावी, पण पुसता येऊ नये. शिकणाऱ्याने तास-दोन तास खपून केलेलं काम दुसऱ्याच्या चुकीने जाऊ नये, ही जबाबदारी शिकवणाऱ्याची आहे. ती वर्ग भरण्याआधीच पार पाडायची असते.

पुढच्या भागात : एकाच फोल्डरवर दोन बॅचना वेगवेगळे हक्क कसे द्यायचे?