परगावी गेलात तर आधी जुना बाजार

सिडको स्थापन झाली 1970 साली. तेव्हापासून आखून-रेखून वसवलेल्या आमच्या नवी मुंबईत रुंद रस्ते आहेत, सेक्टर आहेत, मॉल आहेत. मुरलेला जुना बाजार मात्र नाही. तो नकाशावर आखता येत नाही. त्यासाठी तीन-चार पिढ्यांनी संसार मांडावे लागतात, वाटण्या व्हाव्या लागतात, आजोबांचं कपाट फ्लॅटच्या दारातून आत जात नाही म्हणून ते विकायला काढावं लागतं. आमच्याकडे बोहारीण येते, जुन्या साड्या घेऊन स्टीलचं पातेलं देते. भंगारवाला येतो, रद्दीवाला येतो. आमचं जुनं दुसऱ्याच कुठल्यातरी बाजारात जाऊन बसतं. म्हणूनच कुठल्याही गावी गेलं की माझे पाय आधी तिथल्या जुन्या बाजाराकडे वळतात. त्या गावातली माणसं कशात जेवली, कशावर बसली, कशानं सुपारी कातरली, हे तिथे पथारीवर मांडलेलं असतं आणि हात लावून बघता येतं.

सुरुवात हार्बर लाइननेच करावी. ही गाडी 1992 मध्ये खाडी ओलांडून वाशीला आली. तिने सँडहर्स्ट रोडला उतरायचं आणि गर्दीतून वाट काढत मटण स्ट्रीटवरचा चोरबाजार गाठायचा. वाटेत रे रोड लागतं. तिथल्या दारूखान्यात कित्येक वर्षं जहाजं तोडली गेली. बंदराच्या शहरातलाच हा बाजार, त्यामुळे जहाजावरचे कंदील, पितळी चौकटीच्या गोल खिडक्या, इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, सिनेमाची हातानं रंगवलेली पोस्टरं, सगळं एकाच गल्लीत. दुकानं शुक्रवारी बहुतेक बंद असतात. त्या दिवशी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो आणि त्यात सुट्ट्या नळापासून एकेकट्या बुटापर्यंत काहीही मिळतं. शेजारच्या भेंडीबाजारात जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. ही गल्ली बघायची असेल तर लवकर बघून घ्यावी.

इथे डोळे उघडे ठेवावे लागतात. चकचकीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दिसला की थांबा. त्यातले बरेच जुन्या पेटी-ग्रामोफोनचे सुटे भाग नव्या लाकडी खोक्यात बसवून केलेले असतात. लंडनचा शिक्का असलेल्या दुर्बिणी आणि होकायंत्रंही आपल्याच देशात, रुरकीसारख्या गावी, आजही घडवली जातात. शोभेची वस्तू म्हणून घ्यायला हरकत नाही, पण जुन्याचा भाव देऊ नये. खूण सोपी आहे: हात जिथे लागतो तिथेच झीज हवी. अडकित्त्याचं पातं धार लावून लावून मधे खोलगट झालेलं असतं, बिजागरीला किंचित खेळ आलेला असतो. सगळीकडे सारखाच काळपटपणा दिसला तर तो बहुधा मुद्दाम आणलेला.

माझं मन सर्वांत जास्त रमतं ते पुण्याच्या जुन्या बाजारात. मंगळवार पेठेतला हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. पाने, करवती, घड्याळांची यंत्रं यांच्या पलीकडे तांब्या-पितळेचे ढीग असतात. घंगाळं, बंब, फिरकीचे तांबे, पानाचे डबे. स्टील आलं तसं हे सगळं स्वयंपाकघरांतून मोडीत निघालं. “मावशी, पितळ बघा, किलोनं देतो,” असं विक्रेता म्हणतो तेव्हा वाईट वाटतं, कारण भांडं फिरवून पाहिलं की काठाखाली नाव सापडतं. छिन्नीनं ठोकून काढलेली ठिपक्यांची अक्षरं. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात दिलं, तारीख. एका पातेल्यावर फक्त “आत्याकडून, मुंज” एवढंच होतं. आत कल्हई नव्हती, बूड पोचलेलं होतं. तरी ते मी घेतलं, कल्हई करून आणलं, आणि आता आमच्याकडे वरण त्यात शिजतं.

अशाच वस्तूंमागे गावोगाव फिरून कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर केळकर यांनी पुण्यात वीस हजारांवर वस्तू जमवल्या. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि 1975 मध्ये ते राज्य सरकारच्या हवाली केलं. तिथले अडकित्ते आणि पाय घासायच्या वज्ऱ्या बघून मग बाजारात जावं. नजर तयार होते. एक लक्षात ठेवावं: 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, कलाकुसरीच्या वस्तू पुरावस्तू ठरतात, हस्तलिखितांना 75 वर्षांची अट आहे. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या भावाला भेट म्हणून जुनी मूर्ती पाठवायचा बेत असेल तर तो सोडून द्यावा.

पनवेलला कोकण रेल्वेत बसून थिवीला उतरलं की म्हापसा जवळ. तिथला शुक्रवारचा बाजार ताज्या मालाचा; चोरीसांव आणि मातीची भांडी तिथे घ्यावीत. हणजुण्याचा बुधवारचा बाजार मात्र सत्तरच्या दशकात हिप्पींनी आपले कपडे, घड्याळं, गिटारी विकून सुरू केला. आता तिथे बहुतेक माल नवा असतो, मला तो फारसा रुचत नाही. खरं जुनं बघायचं तर बारदेशातल्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत शिरावं. काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन बसवलेली खिडकीची झडप तिथे हातात धरून उजेडाकडे करावी. दुपारचं ऊन त्यातून दुधाळ होऊन खाली उतरतं, आणि जुन्या गोव्यातल्या दिवाणखान्यात भर दुपारीही डोळे का दिपत नसतील ते कळतं.

आज रविवार. पुण्याचा बाजार भरला असेल. सुटे पैसे, एक जाड कापडी पिशवी, आणि नाव वाचायला खिशात छोटं भिंग असू द्या. भवानीच्या वेळेला पोचलात तर घासाघीसही फार करावी लागत नाही.