विश्लेषण : सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा त्याचे वातावरण अधिक तप्त कसे?

चुलीपासून लांब सरकले की धग कमी होते. अमळनेरच्या मे महिन्याला कारणीभूत असलेल्या सूर्यावर मात्र उलटेच दिसते. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस आहे, तर बाहेरील वातावरणाचे, म्हणजे करोनाचे, दहा लाख अंशांहून अधिक. हे कोडे १९४०च्या दशकापासून शास्त्रज्ञांना छळते आहे.

कमानी कशाच्या?

करोनात तप्त वायूच्या प्रचंड कमानी दिसतात. अनेक कमानींखालून आपली पृथ्वी सहज जाईल. वायूला हा आकार देते ते चुंबकीय क्षेत्र. कमानीची दोन्ही टोके पृष्ठभागात रुतलेली असतात आणि तिथला वायू सतत खदखदत असतो.

त्या तापतात कशा?

कापसाच्या खान्देशात सुताचा गुंता नवा नाही. धाग्यांची टोके हलत राहिली की पीळ बसतो. चुंबकीय रेषांचेही तसेच होते. ताण वाढला की त्या तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. अशा असंख्य चिमुकल्या स्फोटांना, ‘नॅनोफ्लेअर’ना, युजीन पार्कर यांनी १९८८ मध्ये या उष्णतेचे श्रेय दिले. दुसरे मत असे, की खालून वर जाणाऱ्या चुंबकीय लहरी ही ऊर्जा पोहोचवतात. दोन्हींचा वाटा किती, हे अजून ठरलेले नाही.

पुण्याचा संबंध काय?

हे स्फोट एकेकटे दिसणे अवघड, इतके लहान असतात. पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या सुरजित मंडल, दिव्य ओबेरॉय आणि अतुल मोहन यांनी ऑस्ट्रेलियातील रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी तपासल्या. सूर्याच्या शांत भागातही क्षणभर चमकणारे क्षीण रेडिओ स्पंद त्यांना सापडले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी पार्कर यांच्या कल्पनेला बळ दिले. पुण्याच्याच ‘आयुका’त घडलेली ‘सूट’ दुर्बीण ‘आदित्य एल-१’ यानावरून जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून सूर्याचे खालचे थर न्याहाळते आहे. ऊर्जा वर चढते ती याच थरांतून.

आपल्याला काय त्याचे?

हीच चुंबकीय ऊर्जा एकदम मोकळी झाली तर सौर वादळ उठते. मे २०२४ च्या वादळात लडाखचे आकाशही तांबडे झाले होते. अशी वादळे उपग्रह, वीजजाळे आणि मोबाइलवरील नकाशाही बिघडवू शकतात. गुंता कसा सुटतो ते कळले, तर तो कधी तुटेल याचा अंदाजही नेमका होईल.